सतरा तुकडे, आठ बाइट : कर्नलमधली पॅकेटची चूक कशी समजून घ्यावी आणि दुरुस्त करावी

१७ जून २०१९ रोजी लिनक्स कर्नलच्या (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) पाच आवृत्त्या एकाच दिवशी बाहेर पडल्या : ४.४.१८२, ४.९.१८२, ४.१४.१२७, ४.१९.५२ आणि ५.१.११. एरवी अशा आवृत्तीत डझनावारी, कधी शेकड्यांनी दुरुस्त्या असतात. ५.१.११ मध्ये फक्त चार होत्या, आणि चारही टीसीपीच्या, म्हणजे नेटवर्कवर डेटा क्रमाने आणि खात्रीने पोचवणाऱ्या प्रोटोकॉलच्या. कारण तसेच होते. दूर कुठेतरी बसलेल्या माणसाने विशिष्ट रीतीने जुळवलेली पॅकेटे पाठवली, तर समोरचे यंत्र जागच्या जागी कोसळत होते. त्याला पासवर्ड लागत नव्हता की खाते लागत नव्हते. टीसीपीचे एखादे पोर्ट उघडे असले की पुरे.

नेटफ्लिक्समधले जोनाथन लूनी यांनी ही चूक शोधली, गूगलमधले एरिक डुमाझे यांनी पॅच लिहिले. चुकीचा अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०१९-११४७७, आणि बोलण्यातले नाव ‘सॅक पॅनिक’. २००९ साली आलेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून ती कोडमध्ये होती. जगातल्या सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या नेटवर्क कोडमध्ये ती दहा वर्षे बसून राहिली.

सी भाषा बऱ्यापैकी येते, गिट वापरता येते, पण कर्नलला अजून हात लावलेला नाही, अशांसाठी हा लेख आहे. शिकायला मी हीच चूक निवडतो, कारण तिचा कोड थोडा आहे आणि हिशेब शाळेतल्या गुणाकार-भागाकाराचा आहे. तरीही खऱ्या दुरुस्तीत येणारा प्रत्येक टप्पा तिच्यात येतो. फंक्शनांची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये शोधताना तीच रोमन लिपीत टाइप करा.

पायरी १ : कामाची जागा

रोजच्या वापरातल्या मशीनवर हे करू नका. क्यूईएमयू किंवा तसलेच काही वापरून एक आभासी मशीन उभे करा आणि तिचा कन्सोल सीरियल पोर्टवर वळवा. कर्नल कोसळतो तेव्हा शेवटच्या ओळी डिस्कवर पोहोचत नाहीत. सीरियल कन्सोल नसेल तर नेमकी हवी ती ओळ हातची जाते.

कोड घेताना लिनस टोरवाल्ड्स यांची मुख्य शाखा न घेता ‘स्टेबल’ शाखा घ्या. ५.१.१० हा टॅग त्या शाखेतच सापडतो. नंतर ५.१.१० आणि ५.१.११ यांतला फरक गिट डिफने काढा. मेकफाइलमधला आवृत्तीचा आकडा सोडला तर तुमच्यासमोर फक्त त्या चार दुरुस्त्या उरतील. नवशिक्याला याहून स्वच्छ पाठ मिळणे अवघड.

इथे एक अडचण हमखास येते. इतका जुना कर्नल आजच्या नव्या जीसीसी कंपायलरवर नीट बांधला जाईलच असे नाही. त्याच्याशी झगडत बसू नका. डेबियन १० चा कंटेनर घ्या, त्यातला जीसीसी ८ त्याच काळातला आहे. कॉन्फिगमध्ये डीबग इन्फो चालू ठेवा. मग स्क्रिप्ट्स फोल्डरातली ‘डीकोड_स्टॅकट्रेस’ ही स्क्रिप्ट कोसळल्यानंतरच्या पत्त्यांवरून तुम्हाला थेट कोडच्या ओळीपर्यंत नेते.

पायरी २ : पॅकेट कोणत्या वाटेने जाते

नुसती पॅचची ओळ वाचून ‘कळले’ म्हणणे सोपे आहे. मीही सुरुवातीला तेच करत असे, आणि दोन दिवसांनी कोणी ‘का?’ विचारले की गप्प बसत असे. म्हणून आधी वाट चालू.

समजा तुम्ही पुस्तकांची दहा खोकी पाठवली. साध्या टीसीपीत समोरचा एवढेच कळवू शकतो : ‘३ पर्यंतची मिळाली.’ चौथे वाटेत हरवले आणि ५ ते ९ पोहोचली, तरी तो पुन्हा ‘३ पर्यंतची मिळाली’ एवढेच म्हणत राहतो. पाठवणाऱ्याला वाटते की सगळेच अडकले. १९९६ च्या आरएफसी २०१८ या इंटरनेट मानकाने यावर उपाय दिला : सिलेक्टिव्ह ॲक्नॉलेजमेंट, म्हणजे सॅक. आता समोरचा म्हणतो, ‘३ पर्यंतची मिळाली, शिवाय ५ ते ९ सुद्धा.’ मग फक्त चौथे खोके पुन्हा पाठवायचे.

पाठवणाऱ्या बाजूला लिनक्स प्रत्येक न पोचलेला डेटा ‘एसकेबी’ नावाच्या रचनेत धरून ठेवतो. एसकेबी म्हणजे सॉकेट बफर. एका एसकेबीत डेटाचे जास्तीत जास्त १७ तुकडे मावतात, आणि एक तुकडा एक्स८६ यंत्रांवर ३२ केबीपर्यंत असू शकतो. एका एसकेबीतला डेटा तारेवर जाताना किती सेगमेंटांत कापला जाणार, हा आकडा त्याच एसकेबीच्या कोपऱ्यात ‘टीसीपी_जीएसओ_सेग्ज’ नावाच्या १६ बिटांच्या खणात लिहिलेला असतो. हा खण नीट लक्षात ठेवा, पुढचे सारे रामायण त्याचेच आहे.

सॅक आल्यावर कर्नलला बरेच एसकेबी ‘मिळाले’ म्हणून खूण करावे लागतात. शेजारशेजारचे दोन एसकेबी दोन्ही मिळालेले असतील, तर ते वेगळे ठेवून रांग लांबवण्यात अर्थ नाही. म्हणून २००८ च्या अखेरीस इल्पो यार्विनेन यांनी एक सुधारणा केली : सॅक हाताळताना असे एसकेबी एकात एक सरकवून मोठे करायचे. कल्पना चांगलीच होती आणि आजही कोडमध्ये आहे. ते काम नेट/आयपीव्ही४ मधल्या टीसीपी_इनपुट.सी या फाइलीत ‘टीसीपी_शिफ्ट_एसकेबी_डेटा’ हे फंक्शन करते आणि हिशेब ‘टीसीपी_शिफ्टेड_एसकेबी’ ठेवते. ही दोन फंक्शने उघडून शांतपणे वाचा. एक तास लागला तरी चालेल.

पायरी ३ : वहीत हिशेब करा

ही पायरी संगणकावर करू नका. कागद घ्या.

नेहमीच्या इथरनेटवर एका सेगमेंटात, टाइमस्टॅम्पचा पर्याय धरून, १४४८ बाइट डेटा जातो. पाठवताना टीसीपी एका एसकेबीत ६४ केबीहून कमीच डेटा भरतो, म्हणजे साधारण ४५ सेगमेंट. १६ बिटांत ६५,५३५ पर्यंतचा आकडा मावतो. कुठे ४५ आणि कुठे ६५,५३५! कोणाला शंका यावी?

आता एकेक गृहीतक ढिले करत जा.

सरकवासरकवीमुळे एसकेबी ६४ केबीच्या पुढे फुगू शकतो. त्याची खरी मर्यादा १७ तुकडे. १७ गुणिले ३२,७६८ म्हणजे ५,५७,०५६ बाइट. त्याला १४४८ ने भागा. ३८५ सेगमेंट. अजूनही काही बिघडत नाही.

पण १४४८ हा आकडा आपण ठरवलेला नाही, तो समोरच्याच्या सांगण्यावर ठरतो. जोडणी सुरू होताना समोरचा त्याचा ‘एमएसएस’ कळवतो : एका खेपेत एवढेच पाठव. लिनक्स त्याला किमान ४८ पर्यंत खाली येऊ देत होता. ४८ का? टीसीपीच्या हेडरातल्या पर्यायांना जास्तीत जास्त ४० बाइट लागू शकतात, त्यावर ८ बाइट डेटाला जागा ठेवली. म्हणजे सर्वांत वाईट प्रसंगी एका सेगमेंटात खरा डेटा फक्त ८ बाइट.

५,५७,०५६ भागिले ८. उत्तर ६९,६३२.

६५,५३५ च्या खणात ६९,६३२ मावत नाही. पाण्याच्या मीटरची चाके शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा शून्यावर येतात, तसा हा खण ६५,५३६ ला शून्य होतो आणि पुढे मोजू लागतो. ६९,६३२ च्या जागी तिथे ४,०९६ उमटतात. पॉवरपीसी यंत्रांवर तुकडा ६४ केबीचा असतो, तिथे तर फरक आणखी मोठा. तो हिशेब तुम्हीच करून पाहा.

या हिशेबातला कोणताही एक आकडा एकटा चुकीचा नाही. १७ बरोबर आहे, ३२ केबी बरोबर आहे, ४८ ला सबळ कारण आहे, १६ बिटही पुरेसे वाटावेत असेच आहेत. ते वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या फाइलींत लिहिले. चौघांची गाठ पडते तेव्हाच घात होतो. पॅकेट हाताळणीतल्या कितीतरी चुका अशाच असतात. म्हणून कर्नल वाचताना मी प्रत्येक मोजणीच्या खणापाशी दोन प्रश्न विचारतो : यात सर्वांत मोठा आकडा कोणता येऊ शकतो? आणि त्या आकड्याचा कोणता भाग परक्या माणसाच्या हातात आहे?

पायरी ४ : नेमके कोसळते कुठे

खण उलटला त्या क्षणी काहीच होत नाही, आणि नवशिक्यांची फसगत इथेच होते. आकडा चुपचाप खोटा होतो. नंतर केव्हातरी तोच एसकेबी रांगेतल्या आधीच्या एसकेबीत सरकवायची पाळी येते. टीसीपी_शिफ्टेड_एसकेबी त्यातून काढायच्या सेगमेंटांची संख्या बघते आणि बग_ऑनची (अट खरी ठरली की कर्नल थांबवणारी) एक ओळ विचारते : एसकेबीत जितके सेगमेंट नोंदलेले आहेत त्यापेक्षा जास्त तर काढत नाही ना? नोंद खोटी, म्हणून उत्तर ‘हो’ येते. कर्नल समजतो की आपली स्मृती बिघडली आहे आणि थांबतो. हे सारे इंटरप्टच्या संदर्भात, म्हणजे कोणत्याही एका प्रोग्रॅमच्या वतीने नव्हे, चाललेले असल्याने एखादी प्रक्रिया मारून भागत नाही. पूर्ण यंत्र पॅनिकमध्ये जाते आणि कन्सोलवर ‘फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट’ अशी ओळ येते.

तेव्हा पॅनिकच्या ओळीवरून उलटे चालायची सवय लावा. रक्त जिथे दिसते तिथे जखम असतेच असे नाही. बग_ऑनची ओळ टीसीपी_इनपुट.सी मध्ये आहे, पण चूक आहे ती सरकवण्याआधी मर्यादा न तपासण्यात.

पायरी ५ : दुरुस्तीचे पर्याय, आणि त्यांतले बरेचसे का नकोत

एखाद्या विद्यार्थ्याला हा प्रश्न दिला की पहिली तीन उत्तरे बहुधा अशी येतात.

‘बग_ऑन काढून टाका.’ यंत्र कोसळायचे थांबेल, पण खोटा आकडा तसाच राहील. त्या आकड्यावरून टीसीपी ठरवतो की वाटेत किती पॅकेटे आहेत आणि किती हरवली. पहारेकऱ्याने आरोळी ठोकू नये म्हणून त्याला घरी पाठवले तर चोर जात नाही. नव्या कोडमध्ये बग_ऑन घालू नये हे खरे, कर्नलमधली मंडळी नवे बग_ऑन आता सहसा स्वीकारत नाहीत. पण जुने काढणे म्हणजे ही दुरुस्ती नव्हे.

‘खण ३२ बिटांचा करा.’ हे उत्तर जास्त विचाराचे आहे. अडचण जागेची. प्रत्येक एसकेबीत त्या-त्या प्रोटोकॉलला खासगी टिपणांसाठी ४८ बाइटांची पाटी दिलेली असते आणि टीसीपीने ती जवळजवळ कोंबून भरलेली आहे. सेगमेंटांचा आकडा आणि सेगमेंटाचा आकार हे दोन १६ बिटांचे खण मिळून ३२ बिट होतात, आणि तीच जागा युनियन करून दुसऱ्या एका आकड्यासाठीही वापरली जाते. एसकेबीचा आकार वाढवला तर जगातल्या प्रत्येक पॅकेटमागे त्याची किंमत मोजावी लागते.

‘किमान एमएसएस वाढवा.’ तो ५०० केला तर हल्ला बोथट होतो हे खरे. पण काही जुन्या किंवा चिंचोळ्या जोडण्या खरोखरच लहान एमएसएस वापरतात, आणि कर्नलने एका रात्रीत त्यांना बाहेर काढणे बरोबर नाही.

प्रत्यक्ष दुरुस्ती यांहून साधी आहे. सरकवण्याच्या आधी ‘टीसीपी_एसकेबी_शिफ्ट’ नावाचे एक छोटे फंक्शन उभे केले. ते दोन गोष्टी तपासते. पहिली : एकत्र झालेली लांबी ६५,५३५ गुणिले ८, म्हणजे ५,२४,२८० बाइट किंवा जास्त होते का? दुसरी : दोन्हींच्या सेगमेंटांची बेरीज ६५,५३५ च्या वर जाते का? यातले एकही ‘हो’ असेल तर सरकवायचे नाही, शून्य परत द्यायचे. नाहीतर नेहमीसारखे सरकवायचे.

दोन तपासण्या कशाला, दुसरी एकटी पुरली नसती का? यावर थांबून विचार करा, कारण अनुभवी माणसाचा हात इथे दिसतो. एमएसएस जोडणी चालू असतानाही खाली येऊ शकतो. आज १४४८ प्रमाणे मोजलेला एसकेबी उद्या ८ बाइटांच्या सेगमेंटांत नव्याने मोजावा लागला तर? म्हणून आजचा आकडा मावतो एवढ्यावर समाधान न मानता, सर्वांत वाईट एमएसएस आला तरी मावेल इतकीच लांबी आज होऊ द्यायची. आणि यासाठी गमवावे काय लागते? ५,५७,०५६ मधून ५,२४,२८० वजा केले की ३२,७७६ उरतात. सतरा तुकड्यांतला जेमतेम एक.

आणखी एक गोष्ट बघा. हे फंक्शन स्टॅटिक नाही, कारण एसकेबी एकत्र करणारी दुसरी जागा टीसीपी_आउटपुट.सी मध्ये आहे. पुन्हा पाठवताना छोटे एसकेबी एकात घालणारा कोडही त्याच पद्धतीने सरकवतो. सॅकची वाट बंद करून ही उघडी ठेवली असती तर काम अर्धे झाले असते. मूळ ‘एसकेबी_शिफ्ट’ला कोण कोण हाक मारते हे गिट ग्रेपने शोधा, मग त्या दोन्ही जागा तुम्हाला आपोआप सापडतील. कोणतीही दुरुस्ती करताना हा शोध घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पॅचमध्ये ४८ आणि ८ या आकड्यांना नावे दिली आहेत आणि एक बिल्ड_बग_ऑन टाकला आहे. पुढे कोणी किमान एमएसएस ४० किंवा त्याखाली आणला तर कर्नल बांधलाच जाणार नाही. दहा वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसासाठी ठेवलेली ही चिठ्ठी मला फार आवडते.

पायरी ६ : तपासणी, हल्ला न करता

सॅक पॅनिक घडवणारा कोड शोधत फिरू नका. तुम्हाला तपासायची आहे दुरुस्तीची नवी फांदी : सरकवायला नकार मिळाल्यावर सगळे नीट चालते का? त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. तुमच्या प्रतीत दोन्ही तपासण्यांमधल्या ६५,५३५ च्या जागी तात्पुरते २,००० टाका. लांबीची मर्यादा १६,००० बाइटांवर येते आणि नवी फांदी साध्या रहदारीतही वारंवार चालू लागते.

आभासी मशीनमध्ये दोन नेटवर्क नेमस्पेस (एकमेकांपासून अलग नेटवर्क) करा, त्यांना व्हीईथची (आभासी नेटवर्क कार्डांची) जोडी लावा आणि टीसी या आज्ञेतल्या नेटएमने त्या वाटेवर दोन-तीन टक्के पॅकेटे हरवू द्या. व्हीईथवरून ६४ केबीचे अख्खे गाठोडे एकदम जाऊ शकते आणि हरवते तेही अख्खे, म्हणून हे नुकसान हुबेहूब खऱ्या तारेसारखे नसते, हे लक्षात ठेवा. आता एका बाजूकडून दुसरीकडे एक मोठी फाइल पाठवा आणि दोन्हीकडे तिचा एसएचए-२५६ जुळतो का पाहा.

त्याच वेळी एनस्टॅट या आज्ञेने दिसणारे तीन काउंटर बघत राहा : टीसीपीसॅकशिफ्टेड, टीसीपीसॅकमर्ज्ड आणि टीसीपीसॅकशिफ्टफॉलबॅक. मर्यादा २,००० असताना शेवटचा झपाट्याने वाढायला हवा आणि फाइल तरीही शाबूत पोचायला हवी. फॉलबॅक इतर कारणांनीही वाढतो, म्हणून मर्यादा मूळपदी आणून तीच चाचणी पुन्हा करा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. आत डोकवायचे असेल तर बीपीएफट्रेस या साधनाने टीसीपी_एसकेबी_शिफ्टवर केप्रोब (फंक्शन चालले की कळवणारा टेहळ्या) लावता येतो. कंपायलरने फंक्शन इनलाइन केले असेल तर तिथे काही दिसणार नाही. अशा वेळी आपल्या प्रतीत सरळ ट्रेस_प्रिंटकेची एक ओळ टाका, पण पॅच पाठवण्यापूर्वी ती काढायला विसरू नका.

अधिक बारीक, पॅकेटागणिक चाचण्या लिहायच्या असतील तर पॅकेटड्रिल शिका. ‘हे पॅकेट आत आले, आता कर्नलने हे उत्तर द्यायला हवे’ असे त्यात ओळीओळीने लिहिता येते. टीसीपीवर गंभीरपणे काम करायचे असेल त्याने यासाठी एक आठवडा राखून ठेवावा.

पायरी ७ : दुरुस्तीचे दुष्परिणाम

आपल्याकडे शिकवताना हा भाग बहुधा गाळला जातो, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

चारांपैकी दुसरा पॅच सीव्हीई-२०१९-११४७८ साठी होता. तिथे यंत्र कोसळत नव्हते, पण सॅक पाठवून पाठवून एसकेबींचे बारीक तुकडे करायला लावले की रांग प्रचंड लांबत असे. ४.१५ च्या आधीच्या कर्नलांत ही रांग साधी साखळी होती, म्हणून तिथे सीपीयू चालून चालून थकत असे. ४.१५ पासून पुन्हा पाठवायची रांग आरबी-ट्री या झटपट शोध घेता येणाऱ्या रचनेत गेली, त्यामुळे नव्या कर्नलना झळ कमी बसली. उपाय असा केला : सॉकेटच्या रांगेतली स्मृती त्याच्या पाठवण्याच्या बफरच्या दुपटीपलीकडे गेली असेल, तर आणखी तुकडे पाडायला नकार द्यायचा. नकारांची मोजदाद करायला टीसीपीडब्ल्यूक्यूटूबिग नावाचा काउंटरही आला.

वाचायला अगदी रास्त वाटते. पण काही प्रोग्रॅम मुद्दाम फार छोटा पाठवण्याचा बफर मागतात आणि टीसीपी बाकीचे सांभाळून घेईल असे धरून चालतात. कर्नल मर्यादा तपासतो ती एकेक भरलेल्या एसकेबीपाशी, त्यामुळे असे सॉकेट निरागसपणेच मर्यादेच्या बाहेर गेलेले असायचे. आता एखादे पॅकेट हरवले की पुन्हा पाठवण्यासाठी लागणारा तुकडा पाडायलाच नकार, आणि जोडणी ठप्प. अवघ्या काही दिवसांत, २१ जूनला, डुमाझे यांनीच ती अट सौम्य केली. तेही पुरले नाही. जुलैत आणखी एक पॅच आला आणि मर्यादेत मोठ्या एसकेबींसाठी मोकळीक ठेवली गेली.

टीसीपीवर जगातल्या मोजक्या जाणकारांत गणला जाणारा माणूस, पुनरावलोकनाला तितकेच जाणते सहकारी, आणि तरीही एकाच अटीसाठी तीन फेऱ्या. तुमचा पॅच परत आला तर खचू नका. आणि उलट, सुरक्षेचा पॅच लावला की काम संपले असेही समजू नका. लावल्यानंतरचे दोन आठवडे काउंटर आणि तक्रारी पाहत राहा.

तिसरा आणि चौथा पॅच किमान एमएसएस प्रशासकाला ठरवता यावा म्हणून होते. ‘टीसीपी_मिन_एसएनडी_एमएसएस’ ही सिस्कटीएल (म्हणजे चालू कर्नलमध्ये बदलता येणारी) सेटिंग तेव्हा आली. तिची मूळ किंमत ४८ च ठेवली, कोणाचे चालू काम मोडू नये म्हणून.

पायरी ८ : स्वतःची दुरुस्ती पाठवताना

उद्या तुम्हालाच अशी एखादी फट सापडली तर पहिली गोष्ट : ती उघड मेल-यादीवर टाकू नका. दुरून यंत्र पाडता येत असेल तर कर्नलच्या सुरक्षा गटाला खासगी मेल करा. पद्धत डॉक्युमेंटेशन फोल्डरातल्या ‘सिक्युरिटी-बग्ज’ या पानावर आहे. गोपनीयतेची मुदत तिथे दिवसांत मोजली जाते, महिन्यांत नाही. तेव्हा तयारीनिशी लिहा : कोणत्या आवृत्तीवर दिसले, हिशेब काय, सुचवलेला उपाय कोणता.

साधी, निरुपद्रवी चूक असेल तर नेटडेव्ह या नेटवर्क कोडच्या मेल-यादीवर थेट पाठवा. साधा मजकूर, गिट सेंड-ईमेल, विषयात कंसामध्ये ‘पॅच नेट’. नव्या सोयीसाठी ‘नेट-नेक्स्ट’, दुरुस्तीसाठी ‘नेट’. कोणाला पाठवायचे ते गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते, चेकपॅच ही दुसरी स्क्रिप्ट बारीकसारीक खोड्या दाखवते. नेटवर्कवाल्यांची एक खास शिस्त आहे : फंक्शनाच्या सुरुवातीच्या चलांच्या ओळी लांब ते आखूड अशा उतरत्या लावायच्या. आणि सुधारित पॅच २४ तासांच्या आत पुन्हा पाठवायचा नाही, इतरांना वाचायला वेळ द्यायचा.

‘फिक्सेस’ची ओळ नीट भरा. गिट ब्लेमने मागे मागे जाऊन चूक ज्या कमिटने आणली ते शोधा आणि त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरे लिहा. सॅक पॅनिकच्या पॅचमध्ये ती ओळ २००८ च्या त्याच सुधारणेकडे बोट दाखवते. यात दोष देण्याचा हेतू नसतो. स्टेबल शाखा सांभाळणाऱ्यांना त्या एका ओळीवरून कळते की पॅच किती जुन्या कर्नलांपर्यंत न्यायचा.

संदेशाच्या मजकुरावर कोडइतकीच मेहनत घ्या. डुमाझे यांचा संदेश काढून वाचा : काय कोसळते, कोणत्या परिस्थितीत, १७ तुकडे आणि ३२ केबीचा हिशेब, आणि सॅकशिवाय हे का घडत नाही. सगळे मोजक्या वाक्यांत. इंग्रजी अवघड जात असेल तर आधी मराठीत लिहून काढा. जे मराठीत चार वाक्यांत सांगता येत नाही ते बहुधा अजून नीट समजलेलेच नसते, असा माझा अनुभव आहे.

पायरी ९ : तुमच्या ताब्यातली यंत्रे

जुना सर्व्हर, कॉलेजच्या लॅबमधले यंत्र, दुकानातला राउटर, सगळीकडे हे तपासा. यूनेम या आज्ञेने दाखवलेल्या आवृत्तीच्या आकड्यावर विसंबू नका. वितरक मंडळी जुन्याच आवृत्तीत पॅच घालतात, म्हणून ३.१० म्हणवणारा कर्नलही सुरक्षित असू शकतो. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये ११४७७ हा क्रमांक शोधा, किंवा टीसीपी_मिन_एसएनडी_एमएसएस ही सेटिंग आहे का ते पाहा. ती असेल तर दुरुस्त्यांची ती मालिका पोचली आहे.

कर्नल बदलणे काही दिवस शक्यच नसेल तर दोन तात्पुरते उपाय आहेत. टीसीपी_सॅक ही सेटिंग शून्य करणे, यात पॅकेटे हरवणाऱ्या वाटांवर वेग पडतो. किंवा आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये जोडणी सुरू करणारी, १ ते ५०० एमएसएसची पॅकेटे टाकून देणे. दुसरा उपाय करायचा तर टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग ही सेटिंग शून्य आहे याची खात्री करा, नाहीतर जाळीला भोक राहते. आणि कोणती सेटिंग कधी, कशासाठी बदलली हे त्याच फाइलीत टिप्पणी म्हणून लिहून ठेवा, म्हणजे नवा कर्नल बसवणारा ती परत फिरवू शकेल.